बाकी मजकूर कायम

४ फेब्रुवारी

धाकटे,

'चिरंजीव' लिहावं इतकी तू लहान राहिली नाहीस, आणि 'तीर्थरूप' लिहावं इतकी शहाणी व्हायला तुला अजून वेळ आहे. म्हणून नुसतं धाकटे.

मी सुखरूप पोचले. मजेत आहे. तीन दिवसांत तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून पत्र लिहिते. फोन न उचलता राहता येतं, पत्र मात्र दारातून आत पडतं, ते उचलावंच लागतं.

कार्यालयाच्या बावन्न पेट्यांपैकी अठ्ठेचाळीस आल्या. चार कुठे उतरल्या ते कुणाला माहीत नाही. आमचे उपसंचालक म्हणाले, येतील. त्यांना सगळंच येईल असं वाटतं. माझी खोली बरी आहे. घरमालकीण निवृत्त नर्स आहे, बोलकी आहे, पण त्याला इलाज नाही.

किटली मी आणली हे तुझ्या लक्षात आलं असेलच. झाकण तिकडेच राहिलं, वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे. पाठवायची तसदी घेऊ नकोस. इथे एक बशी आहे, ती बरोबर बसते.

पाण्याचा नळ नीट बंद करत जा. झोपताना खिडकी लावून घेत जा.

नऊ जानेवारीला स्वयंपाकघरात जे बोलणं झालं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. मला म्हणायचं होतं ते मी म्हणून झालंय. तू तेव्हाही एका वाक्यापलीकडे बोलली नाहीस, आता बोलशील अशी माझी अपेक्षा नाही.

ताई
वरिष्ठ लेखनिक, दुरुस्ती विभाग (स्थलांतरित)


१९ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं असं समजते.

कार्यालय जिथे थाटलंय ती एक बंद पडलेली सूतगिरणी आहे. चौदा वर्षं तिला कुलूप होतं. गिरणी चालू होती तेव्हा गाव चालू होतं, ती बंद पडली आणि निम्मं गाव कामाच्या मागे आपल्या शहरात गेलं. आता वरच्या लोकांच्या डोक्यात आलं की सगळी कार्यालयं एकाच शहरात कोंबण्यात अर्थ नाही. जिथे माणसं आहेत तिथे काम न्यावं. विचार चांगला आहे. विचार करणारे मात्र शहरातच राहिले, हे तुला सांगायला नको.

मोठ्या दालनात आमची टेबलं लावलीत. फरशीवर जिथे यंत्रं होती तिथे लोखंडी खुंट्या कापून टाकल्यात, पण बुडखे वर राहिलेत. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एकेकदा ठेच लागली. आता सगळे त्या जागा न बघता ओलांडतात. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. खाली फॉर्मची घडी घातली आहे, तरी लिहिताना डुलतं. माझं अक्षर वाकडं दिसलं तर दोष टेबलाचा.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता गंमत असते. सगळ्यांची डोकी घड्याळाकडे, पिशव्या टेबलाखाली तयार. सव्वातीनची बस शहराकडे जाते. तीन दहाला दालनात मी आणि पंखा. गावातले लोक या मंडळींना 'सोमवारचे पाहुणे' म्हणतात. भाजीवालीने मला विचारलं, तुम्ही नाही गेलात? मी म्हटलं, काम आहे.

घरमालकीणबाई त्याहून चौकस. शहरात कुणी नाही का तुमचं, म्हणाल्या. मी म्हटलं, धाकटी बहीण आहे. त्या म्हणाल्या, मग? मी म्हटलं, मग काही नाही. त्यावर त्या माझ्या वळकटीकडे बघत राहिल्या. ती अजून दोरीत बांधलेली आहे. वेळच मिळाला नाही सोडायला.

लिहिणार नव्हते, पण आता विषय निघालाच आहे तर लिहिते. डिसेंबरात खिडकीवरून आपलं वाजलं, तेव्हा तू म्हणालीस, 'ताई, एकदा तरी मला या घरात एकटीनं श्वास घेऊ दे.' त्यानंतर तीन आठवड्यांनी माझा इथे येण्याचा हुकूम निघाला. मी इच्छुक नाही असं लिहून दिलं होतं. तो अर्ज आवक-जावकला गेला, आणि आवक-जावकला तू बसतेस. आमच्या विभागाचे सगळे अर्ज तुझ्या हाताखालून गेले. कुणालाही विचार, कुणाच्या मनात काय येईल.

मी तुला विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, 'मी फक्त शिक्का मारला.' त्यावर मी जे बोलले ते बोलले. घर मोकळं करून हवं होतं तुला, असं म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला असं तुला वाटलं असेल. पण मग तू 'नाही' असं का म्हणाली नाहीस? तू उठलीस आणि खिडकी उघडलीस.

ताई


११ मार्च

धाकटे,

काल उद्घाटन झालं. महिनाभर काम केल्यावर उद्घाटन, ही आपल्याकडची तऱ्हा. मांडव, खुर्च्या, भाषणं. उपसंचालकांनी एक तक्ता वाचून दाखवला, कुठल्या विभागातले किती लोक राजीखुशीने आले त्याचा. सगळ्यात वर आमचा दुरुस्ती विभाग. बारापैकी अकरा इच्छुक. ते म्हणाले, प्रादेशिक विकासाची तळमळ कशी असते ती या अकरा जणांकडून शिकावी. टाळ्या पडल्या. आम्ही अकरा जण एकमेकांकडे बघत होतो. मला वाटलं, बाकीच्या दहा जणांना खरंच यायचं होतं की काय. नंतर कळलं, त्यातल्या प्रत्येकाला उरलेल्या दहांबद्दल हेच वाटत होतं.

बारावी म्हणजे आमची कोपऱ्यातली बाई. तुला माहीत आहे, ती बारीक आवाजाची, स्वेटर विणणारी. तिचं माहेर नेमकं याच गावात. तीच नको म्हणाली. उपसंचालकांनी जाहीर खेद व्यक्त केला.

हे सगळं सोड. मला दुसरंच सांगायचं आहे.

इथे आम्हाला खिडकीवर बसावं लागतं. शहरात खिडकी खालच्या मजल्यावर होती, आम्ही तिसऱ्यावर. आमच्यापर्यंत फक्त कागद यायचे. सत्तावीस वर्षं मी लोकांची नावं, जन्मतारखा, आईबापांची नावं दुरुस्त केली आणि त्यातला एक माणूस कधी पाहिला नाही. इथे माणसं कमी, त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस माझी पाळी.

परवा एक सुतार आला. पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, ती काढायची विसरून गेलेला. त्याची तक्रार अशी की नोंदवहीप्रमाणे तो आपल्या आईच्या आधी दोन वर्षं जन्मला आहे. 'गावात म्हणतात, बाई, आईच्या लग्नात मी पंगतीला होतो,' म्हणाला. मी हसले. मग त्याची फाइल काढली आणि हसू थांबलं.

अर्ज तीनदा परत गेलेला. तिन्ही वेळा शेरा 'कागदपत्रे अपुरी', आणि तिन्ही वेळा खाली माझी सही.

एक कागद खरंच कमी होता. पण तो सुतार समोर असता तर मी तोंडाने सांगितलं असतं, तेवढा कागद घेऊन या. तिसऱ्या मजल्यावरून मी शेरा मारला. प्रत्येक वेळी त्याचे दोन दिवस गेले. इथली पहिली बस शहरात साडेअकराला पोचते आणि आपली खिडकी अकराला बंद व्हायची. ती अकराची वेळ, धाकटे, मीच सुचवली होती. म्हणजे दुपारी शांतपणे काम होईल.

कमी असलेला कागद त्याने घरून आणला, घर दहा मिनिटांवर आहे. चाळीस मिनिटांत दुरुस्ती झाली. मी म्हटलं, झालं. त्याने विचारलं, परत कधी येऊ? मी म्हटलं, येऊ नका, झालं. तरी तो उभाच. त्याचा विश्वास बसेना. शेवटी पंख्याखाली एका बाकावर बसला आणि तो कागद मांडीवर ठेवून वाचत राहिला. अक्षर ओळखीचं नसलेल्या माणसाचं पत्र वाचावं तसा.

दुसऱ्या दिवशी येऊन त्याने माझ्या टेबलाचा आखूड पाय नीट केला. आता टेबल डुलत नाही. त्यामुळे या पत्रातलं अक्षर माझंच आहे.

किटलीवर अजून बशीच आहे. झाकणाची गरज नाही.

ताई


२ एप्रिल

धाकटे,

दोन महिने झाले. तीन पत्रं झाली. उत्तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

तू का लिहीत नाहीस ते मला माहीत आहे. मला माहीत नाही असं तू समजू नकोस.

तू पंधरा वर्षांची होतीस आणि त्या वसतिगृहात एक वर्ष राहिलीस. पहिल्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. आई तेव्हा आजारी होती, म्हणून मी उघडलं. दोन पानं होती. तुला करमत नव्हतं, शेजारची मुलगी तुझा साबण वापरत होती, घरी यायचं होतं. मी नुकतीच दुरुस्ती विभागात लागले होते. नवीन लाल पेन होतं. मी त्या पत्रातल्या चुकांभोवती गोल केले, समासात बरोबर शब्द लिहिले, खाली लिहिलं 'ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सात' आणि तेच पत्र तुला परत पाठवलं.

त्यानंतर तू मला पत्र लिहिलं नाहीस. एकही नाही. परत आल्यावर पंचवीस वर्षं आपण एका घरात राहिलो म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

चुका होत्या. सात होत्या. पण एवढं सगळं आयुष्य धरून बसण्यासारखं त्यात काय होतं?

ताई


१६ एप्रिल

धाकटे,

हे पत्र मी कार्यालयात बसून लिहिते आहे, जेवणाच्या सुट्टीत. जेवले नाही. आधी तुला सांगायचं आहे.

राहिलेल्या चार पेट्या परवा आल्या. दुसऱ्याच खात्याच्या गोदामात पडून होत्या. त्यात आमच्या सगळ्यांच्या वैयक्तिक फाइली. आणि त्याच दिवशी कोपऱ्यातल्या बाईचं पत्र उपसंचालकांना आलं. बारीक आवाजाची असली तरी पत्र तिखट होतं. तिने लिहिलं होतं, मी येते म्हणून स्पष्ट कळवलं होतं, माझं माहेर तिथे आहे, म्हातारे वडील तिथे आहेत, मग मलाच एकटीला का वगळलं?

उपसंचालकांनी तिची फाइल काढली. फॉर्मवर छापलंय, 'स्थलांतरित कार्यालयात रुजू होण्यास मी इच्छुक आहे / इच्छुक नाही. योग्य ती खूण करावी.' तिने 'इच्छुक नाही'भोवती लाल गोल केलेला. साहेब म्हणाले, हे बघा, स्वतःच्या हाताने नाही म्हणतात आणि वर तक्रार करतात.

आमच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या गृहस्थांनी तो फॉर्म हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग हळूच म्हणाले, 'साहेब, आमच्याकडे गोल म्हणजे चूक.'

शिक्का मारताना हे तुझ्या डोक्यात आलं नसणार. तुमच्याकडे आवक-जावकला कागद मान्य झाला की त्याच्या क्रमांकाभोवती गोल करतात. आमच्याकडे उलट. चुकीच्या अक्षराभोवती लाल गोल, बरोबर अक्षर समासात. जे बरोबर आहे त्याला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. सत्तावीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही.

मग आम्ही सगळ्यांच्या फाइली काढल्या. अकरा फॉर्म, अकरा लाल गोल, सगळे 'इच्छुक आहे'भोवती. म्हणजे आम्ही सगळ्यांनी लिहून दिलं होतं की 'इच्छुक आहे' हे चूक आहे, ते वगळावं. प्रादेशिक विकासाची तळमळ! हुकूम आल्यावर कुणी तक्रारही केली नाही. सरकार मर्जी विचारतं ते रीत म्हणून, करायचं तेच करतं, असं प्रत्येकाने गृहीत धरलं. दालनात कुणीतरी हसायला लागलं आणि मग सगळेच हसले, उपसंचालकसुद्धा. त्या गृहस्थांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून.

माझं हसू लवकर संपलं. माझा फॉर्म माझ्या हातात होता. गोल माझा होता, नेहमीसारखा नीट, सुरुवात-शेवट जुळलेला. आणि वरच्या कोपऱ्यात तुझा शिक्का, सरळ.

धाकटे, तू तो गोल पाहिलास. शिक्का मारताना पाहिलास. तुला वाटलं, ताईला जायचं आहे. मला न विचारता, मला न सांगता जायचं आहे. आणि तरी तू शिक्का मारलास आणि पुढे पाठवलास, कारण मला जायचं असेल तर मला अडवायचं नाही असं तू ठरवलंस. वर मी घरी येऊन तुला म्हणाले की तूच मला घालवलंस.

मला आता तुझं ते वाक्य ऐकू येतंय, 'मी फक्त शिक्का मारला.' मी ते कबुलीसारखं ऐकलं होतं.

सुट्टी संपली. बाकीचं परवा लिहीन. आज मला सुचत नाहीये.

ताई


१८ एप्रिल

धाकटे,

मला माफी मागता येत नाही, हे तुला माहीत आहे. लहानपणी तुझी बाहुली मोडली तेव्हाही मी ती न बोलता चिकटवून ठेवली होती, आणि पाय उलटा चिकटला होता. मला येतं ते एकच. ते करते.

शुद्धिपत्र

९ जानेवारी रोजी स्वयंपाकघरात उच्चारलेल्या 'घर मोकळं करून हवं होतं तुला' या वाक्याऐवजी 'तुझ्याशिवाय राहायची मला सवय नाही, मला भीती वाटते' असे वाचावे.

४ फेब्रुवारीच्या पत्रात 'मजेत आहे' याऐवजी 'पहिले आठ दिवस दोन माणसांचा चहा टाकत होते आणि अर्धा ओतून देत होते' असे वाचावे.

१९ फेब्रुवारीच्या पत्रात 'काम आहे' याऐवजी 'शुक्रवारच्या बसमधून उतरून कुणाच्या दारात जाऊ' असे वाचावे.

सव्वीस वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठवलेल्या मजकुरात 'ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सात' याऐवजी 'मलाही तुझ्यावाचून करमत नाही, शनिवारी तुला घ्यायला येते' असे वाचावे.

बाकी मजकूर कायम.

(म्हणजे खिडकीबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे. थंडीत ती लावायलाच हवी.)

आता एक गोष्ट जी कुठल्याच पत्रात नाही. जे बरोबर आहे त्याला हात लावायचा नाही ही आमची कामाची रीत मी घरीही आणली. तुझ्या सगळ्या चुका मी तुला सांगितल्या. चहात साखर जास्त, दार आपटतेस, गुणगुणतेस ते बेसूर. जे बरोबर होतं त्याबद्दल मी गप्प राहिले, मला वाटलं गप्प राहणं म्हणजेच बरोबर आहे असं सांगणं. तुझा शिक्का कधी तिरका पडत नाही. आख्ख्या खात्यात तसा हात दुसऱ्या कुणाचा नाही. आईच्या आजारपणात तू तिचे केस विंचरायचीस ते मी दाराआडून बघत असे. तू गुणगुणायची थांबलीस की मला कळायचं तू थकलीस, आणि मी तुला काहीतरी काम सांगायचे. का सांगायचे, मला माहीत नाही. तू माझी फार आवडती आहेस. हे कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

आता कामाचं. उपसंचालकांनी कळवलंय की ज्यांचे फॉर्म चुकीचे वाचले गेले त्यांना ३१ मेपर्यंत परत जाता येईल. सात जणांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिले. कोपऱ्यातली बाई पुढच्या सोमवारी येते आहे. आणि जुलैत तुमचं आवक-जावक इथे हलणार आहे, त्याचेही फॉर्म येतील. ज्यांना यायचं नसेल त्यांना तिकडेच दुसऱ्या खात्यात घेतील. फॉर्म तोच आहे. दोन हजार प्रती शिल्लक आहेत, त्या संपल्याशिवाय नवीन छापणार नाहीत.

मी माझा अर्ज दिला नाही. खरं सांगते, मला परत यायला नको आहे. यायचं नव्हतं ते मी खरंच लिहिलं होतं, पण आता इथली खिडकी उघडी असते आणि सुतार, विहीर खणणारे, परीक्षेला निघालेल्या मुली समोर येऊन उभ्या राहतात, आणि त्या निघताना मला चेहरा दिसतो. चोपन्नाव्या वर्षी मला माझं काम काय होतं ते कळलं. ते सोडून तिसऱ्या मजल्यावर परत जायचं नाही.

आणि तुझ्यावाचूनही राहायचं नाही.

घरमालकीणबाईंच्या वरच्या मजल्यावर आणखी एक खोली रिकामी आहे. तिला दोन खिडक्या आहेत.

तू ये असं मी म्हणत नाही. आजवर तुला फार वेळा 'असं कर' म्हटलं. मी नुसतं विचारते. येशील का?

तुझी
ताई


७ मे

धाकटे,

उत्तराची घाई नाही, हे सांगायला हे पत्र. हे खोटं आहे हे तुला कळेलच.

पोस्टमन रोज साडेअकराला येतो. त्या वेळी खिडकीवर गर्दी असली तर मला बरं वाटतं. काल घरमालकीणबाई म्हणाल्या, वरच्या खोलीला नवीन मुकादम विचारतोय. मी म्हटलं, महिनाभर कुणाला देऊ नका. त्यांनी कारण विचारलं नाही. ही बाई विचारत नाही तेव्हा समजावं, तिला सगळं समजलंय. जाताना म्हणाल्या, 'बाई, आधी ती वळकटी तरी सोडा. येणारी बघेल तर म्हणेल, ही उद्या निघाली.' मी रात्री नाही, पण आज सकाळी सोडली. दोरी इतकी घट्ट झाली होती की कात्री लागली.

मागच्या पत्रात मी लिहिलं, मला परत यायचं नाही. ते खरं आहे. पण त्याहून एक गोष्ट जास्त खरी आहे आणि ती लिहायला मी वीस दिवस लावले. तुला ते घर सोडवत नसेल, आईची खोली, तुझा बाजार, तुझ्या मैत्रिणी, तर मी येते. तिसऱ्या मजल्यावर येते. निदान अकराची वेळ तरी बदलून घेईन, एवढं माझं चालेल. झोपताना खिडकी उघडी ठेवेन. हे मी रुसून लिहीत नाही. दोन कागद टेबलावर आहेत, राहण्याचा आणि परत जाण्याचा, आणि दोन्ही कोरे आहेत. तू सांगशील त्यावर लिहीन.

कोपऱ्यातली बाई आली. तिच्या वडिलांनी तिला कार्यालयाच्या फाटकापर्यंत सोडलं, पन्नास वर्षांच्या लेकीला. ती स्वेटर विणते आहे, या उन्हाळ्यात. मी म्हटलं, कुणासाठी? म्हणाली, जुलैत येतील त्यांच्यासाठी, इथे थंडी लवकर पडते. माप विचारत होती. मी तुझं सांगितलं. चुकलं का?

तुझी
ताई


२४ मे

धाकटे,

पोस्टमन साडेअकराला आला. खिडकीशी पाच माणसं होती. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि मी म्हटलं, पाच मिनिटं थांबता का? सगळ्यात पुढे एक आजी होत्या, त्या म्हणाल्या, आम्ही एवढी वर्षं थांबलो, वाचा तुम्ही.

आत तुझ्या फॉर्मची कार्यालयीन प्रत होती. वर तुझाच आवकचा शिक्का. तो तिरका पडला आहे, धाकटे. चांगला बोटभर तिरका. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी त्यावर अंगठा ठेवून बसले.

'इच्छुक आहे'भोवती निळा गोल. आणि समासात तुझ्या हाताने, सव्वीस वर्षांनी मला लिहिलेली पहिली ओळ:

'हा गोल दुरुस्ती विभागाच्या पध्दतीने वाचू नये.'

मागच्या बाजूला आणखी दोन. 'झाकण पाठवत नाही, घेऊन येते. दोन खिडक्यांपैकी एक माझी, ती मी उघडीन तेव्हा उघडेल.'

मी मोठ्याने हसले आणि त्या आजी घाबरल्या. मग रडले, तेव्हा त्यांना बरं वाटलं. त्यांच्या मुलीचं नाव दुरुस्त करून दिलं, उरलेल्या चौघांचंही काम केलं, मग राहण्याचा कागद भरला. गोल केला नाही. 'मी राहते' असं सरळ अक्षरात लिहिलं आणि साहेबांच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, आता काही गैरसमज नाही ना? मी म्हटलं, नाही.

वरची खोली सांगून ठेवली आहे. सुतार खिडकीची अडलेली झडप तासून देतो म्हणाला, पैसे घेणार नाही म्हणतोय, आपण भांडू त्याच्याशी. येताना सामान फार आणू नकोस. तुझी उशी मात्र आण, दुसऱ्या उशीवर तुझी मान धरते. शुक्रवारच्या उलट्या बसने ये, ती रिकामी असते. मी थांब्यावर असेन.

एक राहिलं. तुझ्या त्या ओळीत 'पद्धती'तले द आणि ध तू उलटे जोडले आहेस. मी लाल पेनचं टोपण काढलं होतं. कागदावर नेलंही होतं. मग टोपण परत लावलं आणि पेन खणात ठेवलं.

जे बरोबर आहे त्याला हात लावायचा नाही, असा आमच्या विभागाचा नियम आहे.

तुझी
ताई